तेरेकची लढाई आणि धारचा पाहुणा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला तैमूरच्या दिल्लीवरील स्वारीचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा पोहे-जलेबी खाता खाता, दुसऱ्यांदा लाल पेन्सिल घेऊन. लेखकाने मेहनत घेतली आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची सौ. म्हणते तसं व्हायचं, की पेन्शनीतल्या माणसाला भात दिसत नाही, भातातला खडा दिसतो. पण खडे आहेत. तीन ठिकाणी पेन्सिल अडली.

एक म्हणजे नकाशा. त्यात तेरेक नदी थेट अरल समुद्राला नेऊन मिळवली आहे. तेरेक कॉकेशसच्या बर्फात उगम पावते आणि कॅस्पियनला मिळते. अरलला जायचं तर तिला कॅस्पियन ओलांडून पलीकडचं पठार चढावं लागेल. दुसरं म्हणजे हे वाक्य: ‘त्यापूर्वी तैमूरने उत्तरेकडील एका टोळीप्रमुखाचा कायमचा बंदोबस्त केला होता.’ आणि तिसऱ्या वाक्याला तर मी दोनदा अधोरेखा मारली: ‘या स्वारीचे पडसाद दिल्लीपलीकडे फारसे उमटले नाहीत, माळवा आपल्याच तंद्रीत होता.’ हे पुण्याच्या पेपरात आलं असतं तर पान उलटलं असतं. इंदूरच्या वाचकाला हे वाचायला लावायचं?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. रेल्वेच्या माल विभागात ३४ वर्षं काढली. सनावद, खंडवा, रतलाम आणि शेवटी इंदूर. आमच्याकडे ‘मालबाबू’ म्हणत. कुठल्या वाघिणीत काय भरलं, कुठून आलं, कुठं उतरलं, बिल्टी (मालाची पावती) कोणाच्या नावावर, हे लिहिता लिहिता केस पांढरे झाले. ती सवय इतिहास वाचतानाही जात नाही. तलवारीचं वर्णन आलं की माझे डोळे पुढे सरकतात आणि शोधायला लागतात, की या लोकांचं पीठ कुठून येत होतं.

तर आधी तो ‘टोळीप्रमुख’. त्याचं नाव तोख्तामिश. त्याला टोळीप्रमुख म्हणणं म्हणजे दौलतराव शिंद्यांना ग्वाल्हेरकडचे एक जमीनदार म्हणण्यासारखं आहे. चंगीझ खानाचा थोरला मुलगा जोची, त्याच्या वंशातला हा खान. घोटाळा केला आहे तो ‘सुवर्ण टोळी’ या आपल्या शब्दाने. मूळ शब्द ओर्दू, म्हणजे छावणी. आपल्या ‘उर्दू’चं नावही त्यातूनच आलं. ही छावणी सैबेरियाच्या कडेपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरली होती आणि मॉस्कोचे राजे तिला खंडणी भरत. १३८० मध्ये कुलिकोव्होच्या मैदानावर मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोयने ओर्दूचा सेनापती ममाई याला हरवलं, ही गोष्ट रशियन लोक अजून अभिमानाने सांगतात. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १३८२ मध्ये, तोख्तामिशने येऊन मॉस्को जाळलं, आणि खंडणी पुन्हा सुरू झाली.

गंमत अशी की हा तोख्तामिश तैमूरनेच उभा केलेला. १३७६ च्या सुमारास त्याच वंशातल्या उरुस खानाच्या धाकाने तो पळत समरकंदला, तैमूरच्या राजधानीत, आला. तैमूरने त्याला ओत्रार, सिग्नाक अशी सरहद्दीची ठाणी दिली, फौज दिली. तो हरून परत आला. पुन्हा फौज दिली, पुन्हा हरला, पुन्हा दिली. तैमूर काही दानशूर नव्हता. त्याची अडचण निराळी होती. तो स्वतः चंगीझच्या रक्ताचा नव्हता, म्हणून त्याला ‘खान’ म्हणवून घेता येत नव्हतं. त्याने त्या घराण्यातली मुलगी केली आणि ‘गुरगान’, म्हणजे जावई, ही पदवी लावली. गादीवर नावापुरता एक खान बसवून ठेवला. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. छत्रपती साताऱ्याला, कारभार पुण्याला. तेव्हा उत्तरेच्या गादीवर अस्सल रक्ताचा, पण आपल्या ओंजळीने पाणी पिणारा एखादा खान असला तर त्याला हवाच होता.

अस्सल रक्ताचा माणूस जावयाच्या ओंजळीने किती दिवस पिणार? १३८५-८६ च्या हिवाळ्यात तोख्तामिशने तब्रीझ लुटलं. त्या शहरावर तैमूरचाही डोळा होता. १३८७ मध्ये तैमूर इराणात गुंतलेला पाहून तोख्तामिशच्या फौजा अमूदर्या आणि सिरदर्यामधल्या मुलखात, म्हणजे तैमूरच्या घरातच, शिरल्या. पुढच्या वर्षी तैमूरने त्याचा राग काढला तो ऊर्गेंच शहरावर. ख्वारिझमचं हे व्यापारी शहर त्याने पाडलं आणि तिथं जव पेरायला लावले. आपल्याकडे पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला होता, त्या जातीचं हे काम. ऊर्गेंचचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग १३९१. तैमूर जानेवारीत ताश्कंदहून निघाला आणि उत्तरेकडे चालत सुटला. शत्रू गाठायला पाच महिने लागले. दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, बहुतेक मोकळं गवत, आणि त्या गवतात कोणी नाही. तोख्तामिश मागे मागे सरकत होता. स्टेपवरचा, म्हणजे त्या गवताळ मैदानावरचा, जुना डाव: समोरच्याला चालवत ठेवायचं, त्याची शिदोरी संपेपर्यंत. आणि शिदोरी संपलीच. छावणीत रोट्या भाजायला बंदी झाली. पीठ पाण्यात कालवून पेज करायची, माणशी वाटी ठरलेली, सरदारालाही तीच. मेंढराचा भाव कुठल्या कुठे गेला. मे महिन्यात शेवटी अख्ख्या फौजेचं रिंगण करून शिकार झाली आणि सगळ्यांच्या पोटात काहीतरी पडलं. मला हा भाग फार आवडतो. लाखभर माणसं हातात भाले घेऊन हरणं वेढतायत, आणि लढाई अजून महिन्यावर आहे! उलूताऊच्या डोंगरावर तैमूरने एक शिळा कोरून ठेवली, की तोख्तामिशवर चालून जाताना आपण इथून गेलो. ती शिळा आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. इतक्या उत्तरेला पोचले होते की उन्हाळ्यात संध्याकाळ आणि पहाट एकमेकींना चिकटली. रात्रीच्या नमाजाला सवड उरेना, तेव्हा मौलवींनी ती माफ केली. १८ जूनला, आजच्या समारा शहराच्या परिसरात कोंदुर्चा नदीवर लढाई झाली, तोख्तामिश हरला, आणि तैमूर घरी गेला.

घरी गेला, हे महत्त्वाचं. एवढी पायपीट करून त्याच्या हाती गुरं, घोडे आणि कैदी लागले, खान निसटला. चार वर्षांत तोख्तामिश पुन्हा उभा. पोलंडच्या राजाला पत्र, इजिप्तच्या सुलतानाकडे वकील, आणि १३९४ च्या अखेरीस कॅस्पियनच्या पश्चिम काठावरच्या दरबंदच्या खिंडीतून खाली शिरवानात लूट. आपल्या लेखकाने या दोन लढाया एका वाक्यात बसवल्या आणि ‘कायमचा बंदोबस्त’ असं वर लिहिलं. पहिल्या लढाईने बंदोबस्त झाला असता तर दुसरी कशाला लागली असती?

आता तेरेक. १३९५ चा वसंत. तैमूर दरबंद ओलांडून वर आला. तेरेकचा उतार, म्हणजे नदी पार करायची जागा, तोख्तामिशने अडवून धरलेली. मग दोन्ही फौजा नदीच्या दोन काठांनी समोरासमोर चालत राहिल्या, तीन दिवस. तिसऱ्या रात्री तैमूरने छावणीतल्या बायकांना शिरस्त्राणं घालून पुरुषांच्या जागी उभं केलं आणि आपण फौज घेऊन उलटा फिरला, मोकळा झालेला उतार गाठला आणि पार झाला. हे मी सौ.ला वाचून दाखवलं. तिने विचारलं, “आणि चुली कोणी पेटवल्या त्या रात्री?” मी म्हटलं, त्यांनीच पेटवल्या असणार, नाहीतर पलीकडून छावणी भरलेली कशी दिसेल. “शिरस्त्राण घालून?” शिरस्त्राण घालून. “मग त्यात काय विशेष, मे महिन्यात आम्ही डोक्याला ओलं फडकं गुंडाळून कुरडया घालतोच की.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लढाई १५ एप्रिलला झाली. ती तैमूर जवळजवळ हरला होता. त्याचे स्वार पळणाऱ्यांच्या मागे फार पुढे गेले, ते पळणारेच उलटून अंगावर आले, आणि खुद्द तैमूरभोवतीचं कडं फुटलं. भात्यातले बाण संपले, भाला मोडला. तेव्हा शेख नुरुद्दीन नावाचा सरदार घोड्यावरून उतरला, त्याची माणसं गुडघे टेकून बाण मारत राहिली, आणि शत्रूच्याच तीन गाड्या ओढून आणून मालकापुढे आडव्या घातल्या. जगाच्या इतिहासाला वळण देणारी म्हणतात ती लढाई तीन गाड्यांनी वाचवली! माल विभागातल्या माणसाची छाती हे वाचून फुगली तर रागावू नका.

दुसऱ्या बाजूला फूट पडली. इब्न अरबशाह या दमास्कसच्या इतिहासकाराने ती सांगितली आहे. लहानपणी तैमूरच्या फौजेने त्याला घरच्यांसकट समरकंदला नेलं, त्यामुळे तैमूरविषयी त्याच्या लेखणीत विष आहे. शिवाय तो दोन-तीन लढायांची मिसळ करतो. तरी त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तोख्तामिशच्या उजव्या फळीतल्या एका सरदाराचं दुसऱ्याशी खुनाचं वैर होतं. ऐन वेळी तो म्हणाला, माझा माणूस आधी माझ्या हवाली करा. खान म्हणाला, लढाई होऊ दे, मग बघू. हा आपला सगळा जमाव घेऊन चालता झाला, आणि पार तुर्कांच्या मुलखात एदिर्नेकडे जाऊन राहिला.

मराठी माणसाला इथं पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. मल्हारराव होळकर पानिपतातून बाजूने निघून आले, याला आमच्या घरात आजही दोन पक्ष आहेत. माझं आजोळ होळकरांच्या चाकरीतलं, सौ.चं माहेर ग्वाल्हेरचं. दत्ताजी आणि जनकोजी तिकडचे, तेव्हा १४ जानेवारीला आमच्याकडे तिळगुळाबरोबर गोडच बोलायचं, असा अलिखित तह आहे. माझं मत विचाराल तर त्या दिवशी कोण निघून गेलं यापेक्षा त्याआधी दोन महिने रसद बंद होती, हे मोठं. पण हे मी घरात मोठ्याने म्हणत नाही.

तोख्तामिश पळाला तो उत्तरेला, व्होल्गाकाठच्या बुल्गारच्या जंगलात. या वेळी मात्र तैमूर घरी गेला नाही. आधी तो वर रशियाच्या बाजूला येलेट्स गावापर्यंत गेला. मॉस्कोत व्लादिमीरच्या देवमातेचं मूर्तिचित्र आणून प्रार्थना चालल्या होत्या. २६ ऑगस्टला चित्र शहरात आलं आणि त्याच दिवशी तैमूर माघारी वळला, असं तिथले लोक मानतात. श्रद्धेला मी हात लावत नाही. पण पुढे हिवाळा, आणि त्या बाजूला लुटण्याजोगी मोठी बाजारपेठ नाही, हेही त्याला दिसत असणार. कारण वळून तो जिथं जिथं गेला ती यादी पाहा. डॉन नदीच्या मुखाशी अझोव्ह. तिथं व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. व्होल्गाच्या मुखाशी हाजी तरखान, म्हणजे आजचं अस्त्राखान. तिथल्या लोकांनी नदीच्या बाजूने बर्फाच्या लाद्या रचून, वर पाणी ओतून, रात्रीत गोठवून भिंत केली होती, असं तैमूरच्या बाजूचा इतिहासकार शरफुद्दीन अली यझदी सांगतो. बर्फाची भिंत! तीही उपयोगी पडली नाही. आणि मग राजधानी सराय, तीही जाळली.

आता हीच नावं मालबाबूच्या नजरेने वाचा. ऊर्गेंच, सराय, हाजी तरखान, अझोव्ह. ही एका ओळीतली ठाणी आहेत. चीनकडून मध्य आशियात आलेला माल ऊर्गेंचला, तिथून व्होल्गेवर सरायला, तिथून अझोव्हला, आणि गलबतातून व्हेनिस-जिनोव्हाला. १३९१ मध्ये तैमूरने खानाला हरवलं होतं. १३९५-९६ मध्ये त्याने खानाची लाइन उखडली. तोख्तामिशची फौज या लाइनीच्या जकातीवर जगत होती. तेरेक निर्णायक ठरली ती या कारणाने, आणि तो निर्णय एप्रिलच्या त्या दिवसापेक्षा पुढच्या हिवाळ्यात लागला, असं माझं ठाम मत आहे.

ही लाइन भरात असताना कशी होती, ते मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने पाहिलं होतं. ओर्दूचा आधीचा खान उझ्बेग याच्या काळात तो सरायला आला. शहर किती मोठं आहे ते बघायला सकाळी घोड्यावर निघाला, तो दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दुपार टळली. तिथून ख्वारिझमला चाळीस दिवस. त्याची आणखी एक नोंद मी वहीत उतरवून ठेवली आहे: या स्टेपवरचे घोडे हिंदुस्थानात विकायला येत. एकेका तांड्यात सहा हजारांच्या आसपास, दर पन्नास घोड्यांमागे एक राखणदार, वाटेत जकात, आणि तरीही नफा मोठा, कारण तिकडे कवडीमोल असलेला घोडा इकडे शंभर दिनारांखाली मिळत नसे. म्हणजे ज्याला आपले लेखक ‘उत्तरेकडील टोळी’ म्हणतात, तिच्या कुरणातला घोडा दिल्लीच्या पागेत बांधलेला होता.

आणि हाच इब्न बतूता पुढे महंमद तुघलकाच्या चाकरीत राहून १३४२ मध्ये दिल्लीहून दक्षिणेला निघाला, तो ग्वाल्हेर, चंदेरी करत धारला आला. आपल्या धारला. माळव्याचं मुख्य शहर, गहू चांगला, आणि इथून विड्याची पानं चोवीस दिवसांच्या वाटेने दिल्लीला जातात, असं त्याने लिहून ठेवलं आहे. चोवीस दिवस पान ताजं कसं ठेवत असतील, हा विचार मी रतलामच्या पार्सल ऑफिसात बसून अनेकदा केला आहे. आमच्याकडे एका रात्रीत करंड्या काळ्या पडून दाव्याचे कागद यायचे.

लाइन उखडल्यावर काय झालं? अरबशाहच लिहितो, की पूर्वी ख्वारिझमहून क्रिमियापर्यंत तीन महिन्यांच्या वाटेवर काफिले गाड्या जुंपून बिनघोर जात. बरोबर शिधा नाही, घोड्यांना चारा नाही, वाटाड्या नाही, कारण वाटेत सगळीकडे माणसांची वस्ती. आणि आता त्या वाटेवर हरणं आणि उंट, बाकी कोणी नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काळाकुंड आठवलं. तुकोजीराव महाराजांनी १ कोटी रुपये १०१ वर्षांसाठी कर्जाऊ देऊन इंदूर-खंडवा लाइन करवून घेतली, ती आमची मीटरगेज. सनावदला मी नवा होतो तेव्हा मालधक्क्यावर रुईच्या गाठींना जागा पुरत नसे, आणि घाटात काळाकुंडला गाडी थांबली की पळसाच्या पानावर कलाकंद घेऊन मुलं डब्याडब्याला धावत. गाड्या कमी झाल्या, तसा आधी मालधक्का ओस पडला, मग चहावाला गेला. आता ब्रॉडगेजचं काम चाललं आहे आणि पाताळपाणी ते काळाकुंड सहलीची गाडी तेवढी जाते. लोक धबधब्यापुढे फोटो काढतात. कोणी कत्तल केली नाही, कोणी आग लावली नाही, तरी चार-दोन वर्षांत स्टेशनं मुकी होतात. सरायला तर आगही लावली होती.

माल थांबत नाही, वाट बदलतो. १४०४ मध्ये स्पेनच्या राजाचा वकील क्लाव्हिखो समरकंदला गेला. तिथल्या बाजारात त्याला रशियाकडचं कातडं आणि तागाचं कापड दिसलं, चीनचं रेशीम आणि कस्तुरी दिसली, हिंदुस्थानची लवंग, जायफळ, दालचिनी, सुंठ दिसली. बिल्ट्या आता समरकंदच्या नावावर फाटत होत्या. उत्तरेची उतारपेठ मोडून तैमूरने सगळी वाहतूक आपल्या दारावरून वळवली. ओर्दूचे पुढे तुकडे झाले, कझान वेगळं, क्रिमिया वेगळं, अस्त्राखान वेगळं, आणि १४८० मध्ये मॉस्कोने खंडणी थांबवली. हे काही तैमूरच्या मनात नव्हतं. ज्या रशियाला त्याने येलेट्सपाशी सोडून दिलं, तिचं भलं झालं.

तोख्तामिशचं काय झालं ते एका दमात सांगतो, कारण ‘कायमचा बंदोबस्त’ या शब्दांना त्याने आणखी अकरा वर्षं हुलकावणी दिली. तो लिथुआनियाच्या व्हितौतासकडे गेला. १३९९ मध्ये व्होर्स्क्ला नदीवर दोघे मिळून ओर्दूचाच सरदार एदिगू याच्याकडून हरले. आणि १४०६ च्या सुमारास सैबेरियात मारला गेला. मरण्यापूर्वी १४०५ मध्ये त्याने तैमूरकडे माफीचा जासूद पाठवला होता, तोही ओत्रारला, जे ठाणं तैमूरने कधी काळी त्याला दिलं होतं. तैमूरने पुन्हा गादीवर बसवायचं वचन दिलं म्हणतात. फेब्रुवारीत तिथंच तैमूर वारला.

राहता राहिला माळवा. उत्तरेची धास्ती संपली, म्हणून तैमूरला दक्षिणेकडे तोंड वळवता आलं. तेरेकनंतर तीन वर्षं आठ महिन्यांनी, १७ डिसेंबर १३९८ ला, तो दिल्लीपुढे उभा होता. सुलतान महमूद तुघलक आणि त्याचा वजीर मल्लू इक्बाल हरले आणि रातोरात पळाले. पुढचं वाक्य आपल्या लेखात नाही. सुलतान पळाला कुठं? आधी गुजरातेत, जफर खानाकडे. तिथं काही आदरसत्कार झाला नाही. मग तो आला धारला. माळव्याचा सुभेदार दिलावर खान घोरी याने त्याला मोठ्या मानाने ठेवून घेतलं. दिल्लीचा बादशहा आमच्या धारला पाहुणा! हा पाहुणचार दिलावर खानाच्या मुलाला, अल्प खानाला, रुचला नाही. तो रुसून मांडूला गेला आणि गडाच्या तटाचं काम काढून बसला. हाच पुढे होशंगशाह झाला, आणि मांडू राजधानी झाली. १४०१ मध्ये सुलतान दिल्लीकडे परतला आणि दिलावर खानाने स्वतःच राजचिन्हं धारण केली. ग्वाल्हेरच्या गडावर याच धामधुमीत वीरसिंह तोमर बसले (सौ.च्या माहेरचाही मान ठेवला). जफर खानही १४०७ मध्ये गुजरातेत सुलतान झाला.

म्हणजे माळव्याची सल्तनत, मांडूचे महाल, गुजरातची सल्तनत, ग्वाल्हेरचे तोमर, हे सगळं दिल्लीच्या त्या एका पराभवाच्या अवतीभवती उभं राहिलं. याला ‘तंद्री’ म्हणायचं असेल तर माझी हरकत आहे आणि ती नोंदवून घ्यावी.

धारला लाट मशीद आहे, दिलावर खानाने १४०५ मध्ये बांधलेली. तैमूर ओत्रारला वारला तेच हे साल. बाहेर लोखंडी लाटेचे, म्हणजे खांबाचे, तीन तुकडे पडले आहेत. मशिदीचं नाव त्यांच्यावरूनच. गेल्या थंडीत मी तिथं दुपारभर बसलो होतो. एका शाळेची सहल आली होती. गुरुजी हिंदीत राजा भोजाची माहिती देत होते आणि ती छान देत होते. एका मुलीने विचारलं, ये मस्जिद किसने बनवाई? गुरुजी म्हणाले, दिलावर खान ने. ती म्हणाली, वो कौन था? बसचा हॉर्न वाजला आणि सगळे पळाले. तिला सांगायला मी उठलोही होतो, पण गुडघ्यांनी वेळ घेतला.

संपादक महाराज, माझ्या मागण्या थोड्याच आहेत. नकाशातली तेरेक कॅस्पियनला मिळवावी. चौकटीत दोन ओळींची दुरुस्ती पुरे. ‘टोळीप्रमुख’ हा शब्द पुढच्या लेखात टाळावा. आणि लेखकमहाशयांना माझा निरोप द्यावा, की गंगवाल बस स्टँडवरून धारच्या बस सकाळपासून असतात, तासा-दीड तासाचा रस्ता आहे. एखाद्या रविवारी त्यांना सवड असेल तर मी बरोबर येतो. डबा आमच्याकडून.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(निवृत्त मालबाबू)
रामबाग, इंदूर

ता. क. पत्र लांबलं आहे, तुम्हाला कात्री लावावीच लागेल. पिठाच्या पेजेचा आणि घोड्यांच्या तांड्यांचा भाग कृपा करून ठेवा. मल्हाररावांचा परिच्छेद काढलात तरी चालेल. हे पत्र टपालात टाकायला सौ.च्याच हाती देतो आहे, आणि पाकीट अजून चिकटवलेलं नाही.